देहाचा आपपरभाव : अवयवारोपणाची आजवरची वाटचाल व पुढील दिशा

एकत्र कुटुंबांत नांदणाऱ्यांस आपलें कोण आणि परकें कोण, हा प्रश्न नवा नाहीं. नवी सून माप ओलांडून घरांत येते आणि कांहीं वर्षांनीं तीच घरची कर्ती बाई होऊन बसते. परंतु मधल्या काळांत दोन्ही पक्षांस किती सोसावें लागतें, हें घरोघरच्या वडीलधाऱ्यांस विदित आहेच. माणसाच्या देहाचें घर याहूनहि कडक शिस्तीचें आहे. तेथें परक्याचें पाऊल पडतांच पहारेकरी जागे होतात, आणि आलेला उपकार करावयास आला आहे कीं अपकार करावयास, याची चौकशी न करितां त्याचा नाश करूं लागतात. या पहारेकऱ्यांची समजूत घालून एकाचा अवयव दुसऱ्याच्या देहांत नांदता करावयाचा, ही विद्या गेल्या सव्वाशें वर्षांत वैद्यकशास्त्रानें मोठ्या कष्टानें हस्तगत केली. आज मूत्रपिंड, यकृत, हृदय, फुप्फुसें, स्वादुपिंड, आंतडें, इतकेंच नव्हे तर हात आणि गर्भाशयहि एका देहांतून दुसऱ्या देहांत जाऊं लागले आहेत. हें कसें साधलें, पुढें काय होऊं घातलें आहे, आणि या साऱ्यांत आपल्यासारख्या घरांचें कर्तव्य काय, याचा विचार या लेखांत करावयाचें आम्ही योजिलें आहे.

पुण्याचें नवें नाक

या विद्येच्या इतिहासाचा एक धागा आमच्या पुण्याशीं येऊन पोंचतो, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसेल. कावसजी नांवाचा एक गाडीवान टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धांत इंग्रजी सैन्याच्या चाकरींत होता. तो टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला, आणि त्यांनीं त्याचें नाक व एक हात कापून टाकिला. वर्षभर तो तसाच बिनानाकाचा वावरला. पुढें पुण्याजवळ राहणाऱ्या, विटा करणाऱ्यांच्या जातींतील एका मराठी माणसानें त्याच्या कपाळावरील कातडीचें नवें नाक करून बसविलें. ही हकीकत कावसजीच्या चित्रासह लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकांत १७९४ सालीं छापून आली. तिच्यावरून स्फूर्ति घेऊन कार्प्यू नांवाच्या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया करून दाखविली. सुश्रुतसंहितेंत गालाच्या कातडीपासून नाक करण्याची रीत सांगितलेली आहे. ही विद्या अठराव्या शतकाच्या अखेरीस पंडितांच्या पाठशाळेंत नव्हे, तर विटा करणाऱ्या एका कारागिराच्या हातांत जिवंत होती, हें आपण सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

परंतु येथें एक मर्म आहे. कावसजीच्या नाकास लाविलेली कातडी कावसजीचीच होती. तीच शेजाऱ्याच्या कपाळाची घेतली असती, तर प्रथम ती चिकटल्यासारखी दिसली असती आणि कांहीं दिवसांतच काळवंडून गळून पडली असती. आपलें तें देह स्वीकारतो, परक्याचें तें टाकतो. अवयवारोपणाचा सारा इतिहास म्हणजे या एका वाक्याशीं माणसानें केलेली झुंज होय.

पहारेकऱ्यांची ओळख

पहिली अडचण शिवणकामाची होती. अवयव नुसता आंत ठेवून भागत नाहीं. त्याच्या रक्तवाहिन्या नव्या देहाच्या रक्तवाहिन्यांशीं अशा जोडाव्या लागतात, कीं रक्त गळूं नये आणि गोठूंहि नये. फ्रान्समधील लिऑन शहरीं अलेक्सिस कारेल नांवाच्या तरुण शस्त्रवैद्यानें तेथील एका कशिदा काढणाऱ्या बाईकडून बारीक सुईचें काम शिकून घेतलें, आणि १९०२ सालीं रक्तवाहिन्या सांधण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. या कामाबद्दल त्यास १९१२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आमच्या भगिनींच्या कशिद्यास जे रिकामपणचा उद्योग म्हणून हंसतात, त्यांनीं ही गोष्ट विसरूं नये.

टांका जमला, तरी अवयव टिकेना. बुबुळावरील पारदर्शक पटल तेवढें अपवाद ठरलें. आज झेक देशांत असलेल्या ओलोमोउत्स या गांवीं एदुआर्द त्सिर्म या वैद्यानें १९०५ च्या डिसेंबरांत तें यशस्वीपणें बसविलें. त्या पटलांत रक्तवाहिन्याच नसल्यामुळें देहाचे पहारेकरी तेथवर सहसा पोंचत नाहींत; आणि म्हणूनच नेत्रदान ही सर्वांत आधीं साधलेली व सर्वांत सोपी गोष्ट झाली. इतर अवयवांच्या बाबतींत असें कां होत नाहीं, याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत झाला. भाजलेल्या माणसांस दुसऱ्याची कातडी लावून पाहतांना पीटर मेडावर या इंग्रज शास्त्रज्ञास असें दिसून आलें, कीं त्याच दात्याची कातडी दुसऱ्या खेपेस लाविली, तर ती पहिल्यापेक्षांहि लवकर गळून पडते. याचा अर्थ असा, कीं देह शत्रूची ओळख लक्षांत ठेवतो. देवीचा रोग एकदां येऊन गेलेल्यास पुन्हां न होणें आणि परकी कातडी गळून पडणें, या दोन्ही गोष्टी एकाच शक्तीचीं कामें आहेत. जी शक्ति आपणांस रोगांपासून वांचविते, तीच दान म्हणून आलेला अवयव मारते.

प्रत्येकाच्या पेशींवर जणूं कुळाची मुद्रा उमटलेली असते, आणि पहारेकरी ती तपासून पाहतात. या मुद्रेचा अर्धा भाग आईकडून व अर्धा बापाकडून येतो. म्हणून आईबाप आणि मूल यांची मुद्रा अर्धी जुळते. सख्ख्या भावंडांत ती पूर्णपणें जुळण्याचा संभव चारांत एक, मुळींच न जुळण्याचा चारांत एक, आणि अर्धी जुळण्याचा चारांत दोन असतो. पूर्ण खात्रीची जुळणी एकाच ठिकाणीं मिळते, ती म्हणजे एकाच गर्भपेशीपासून झालेल्या जुळ्यांत. बोस्टन शहरीं डॉ. जोसेफ मरे यांनीं २३ डिसेंबर १९५४ रोजीं अशाच दोन जुळ्या भावांपैकीं एकाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें. हे खरोखर तसलेच जुळे आहेत ना, हें पाहण्यासाठीं आधीं एकाच्या कातडीचा लहान तुकडा दुसऱ्यास लावून पाहिला होता. रोगी आठ वर्षें जगला. मूत्रपिंड देणारा भाऊ त्यानंतर छप्पन वर्षें जगून २०१० सालीं वारला. एक मूत्रपिंड दिल्यानें माणूस दुबळा होतो, असें समजणाऱ्यांनीं हा हिशेब पाहावा. उरलेलें मूत्रपिंड थोडें मोठें होऊन दोघांच्या कामाचा बराचसा भार उचलतें.

मातीनें दिलेलीं औषधें

परंतु जुळा भाऊ कितीजणांस असणार? इतरांसाठीं पहारेकऱ्यांस गुंगी आणणारें औषध हवें होतें. पहिलीं औषधें ओबडधोबड होतीं. त्यांनीं पहारा इतका ढिला पडे, कीं रोगी साध्या जंतूंस बळी पडत. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथें डॉ. क्रिस्तियान बर्नार्ड यांनीं जगांतील पहिलें मानवी हृदयारोपण केलें. त्याचा सर्वत्र गाजावाजा झाला, पण रोगी अठराच दिवस जगला. पुढील वर्षभरांत जगांत शंभरांवर हृदयें बदलण्यांत आलीं, आणि बहुतेक रोगी लवकरच दगावल्यामुळें पुष्कळ शस्त्रवैद्यांनीं हें काम सोडून दिलें.

तारणारें औषध आलें तें मातींतून. नॉर्वेच्या एका उजाड पठारावरून आणिलेल्या मातींत एक बुरशी सांपडली. तिच्या रसांत पहारेकऱ्यांपैकीं नेमक्या त्या टोळीस आवर घालण्याचा गुण आहे, असें १९७२ च्या सुमारास दिसून आलें. हेंच सायक्लोस्पोरिन होय. १९८३ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली, आणि अवयवारोपणाचें रूप पालटलें. १९८४ सालीं जपानांतील त्सुकुबा डोंगराजवळच्या मातींतून टॅक्रोलिमस मिळालें. आज मूत्रपिंडारोपण झालेल्या बहुतेकांस तेंच देतात. प्रशांत महासागरांतील राप नुई बेटाच्या मातींतून तिसरें एक औषध निघालें, त्यास त्या बेटावरूनच रॅपामायसिन हें नांव पडलें. असे तीन देश आणि तीन मुठी माती! या औषधांचें ऋण मोठें असलें तरी त्यांचें व्याजहि मोठें आहे. तीं जन्मभर घ्यावीं लागतात. जंतूंचा संसर्ग, मधुमेह, कांहीं प्रकारचे कर्करोग यांचा धोका त्यांमुळें वाढतो, आणि सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस हीं तर ज्या मूत्रपिंडास वांचवितात त्यासच हळूहळू इजा करूं शकतात. एखादा डोस चुकविला, तर पहारेकरी पुन्हां उठून उभे राहतात. म्हणून अवयवारोपण म्हणजे रोगांतून कायमची सुटका नव्हे. एका प्राणघातक रोगाच्या बदल्यांत सांभाळतां येण्याजोगी एक व्यवस्था पत्करणें होय.

मुंबईंतील धाडस आणि मृत्यूची नवी व्याख्या

केप टाउनच्या घटनेस तीन महिने लोटण्यापूर्वींच, म्हणजे फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईस परळच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं हृदयारोपण केलें. रोगी कांहीं तासच जगला. त्याच वर्षीं त्यांनीं दुसरा प्रयत्न केला, तोहि टिकला नाहीं. औषधें अपुरीं होतींच. पण दुसरी एक अडचण होती. हृदय धडधडत आहे तोंवर माणूस जिवंत, असें त्या वेळीं आपला कायदा व आपली समजूत दोन्ही मानीत असत. आणि थांबून राहिलेलें हृदय दुसऱ्याच्या फारसें उपयोगी पडत नाहीं.

ही गांठ सोडविली ती मेंदूच्या मृत्यूच्या कल्पनेनें. अपघातानें किंवा मेंदूंतील रक्तस्रावानें मेंदूचें खोड कायमचें नष्ट झालें, तर तो मनुष्य स्वतः श्वास घेऊं शकत नाहीं आणि पुन्हां शुद्धीवर येत नाहीं. श्वासयंत्र लावून ठेविलें तर कांहीं काळ छाती हलते, नाडी चालते, अंग उबदार लागतें. परंतु तो मनुष्य गेलेला असतो. आपल्या देशांत १९९४ च्या मानवी अवयवारोपणाच्या कायद्यानें या मृत्यूस मान्यता दिली. आणि तो कायदा १९९५ सालीं आरंभींच ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र व गोवा हीं होतीं. चार डॉक्टरांच्या मंडळानें, निदान सहा तासांच्या अंतरानें, दोन वेळां तपासणी करून खात्री द्यावी लागते, आणि अवयव बसविणाऱ्या पथकापैकीं कोणीहि त्या मंडळांत असतां कामा नये. कायदा संमत झाला त्याच वर्षीं, म्हणजे ऑगस्ट १९९४ मध्यें, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत डॉ. वेणुगोपाल यांनीं देशांतील पहिलें यशस्वी हृदयारोपण केलें.

असा एक मृत देह दोन मूत्रपिंडें, यकृत, हृदय, दोन फुप्फुसें, स्वादुपिंड व आंतडें मिळून आठांपर्यंत रोग्यांस जीवदान देऊं शकतो. कोणता अवयव कोणत्या रोग्यास द्यावयाचा, हें रुग्णालयानें वा पैसेवाल्यानें ठरवावयाचें नसतें. त्याची यादी महाराष्ट्रांत मुंबई, पुणें, नागपूर व छत्रपति संभाजीनगर येथील विभागीय समित्या ठेवितात.

कायद्यांतलें नातें आणि घरांतलें नातें

आतां आमच्या वाचकांच्या घरच्या गोष्टीकडे वळूं. जिवंत माणसानें अवयव द्यावयाचा तर तो निकटच्या नातलगानें द्यावा, असा कायद्याचा कटाक्ष आहे. निकटचे नातलग म्हणजे पति-पत्नी, आईबाप, मुलें, भाऊबहीण. आणि २०११ च्या दुरुस्तीनें आजा-आजी व नातवंडें. चुलता, मामा, मावशी, जाऊ, दीर, भावजय हीं एकत्र घरांत कितीहि जवळचीं असलीं, तरी कायद्याच्या दृष्टीनें तीं निकटचीं नव्हेत. त्यांस अवयव द्यावयाचा असल्यास प्राधिकरण समितीपुढें जाऊन, हें दान केवळ प्रेमापोटीं आहे, पैशासाठीं नव्हे, अशी तिची खात्री पटवावी लागते. हा जाच नव्हे. गरिबांचीं मूत्रपिंडें विकत घेण्याचा धंदा या देशांत एके काळीं राजरोस चालला होता, तो बंद पाडण्यासाठींच हें कुंपण आहे. अवयवाच्या खरेदी-विक्रीस आज पांच ते दहा वर्षें कैद आणि वीस लाख ते एक कोटि रुपये दंड अशी शिक्षा आहे. नवऱ्याचा रक्तगट बायकोशीं जुळत नसेल, तर तशाच अडचणींत सांपडलेल्या दुसऱ्या जोडप्याशीं दात्यांची अदलाबदल करण्यासहि २०११ पासून मुभा आहे.

परंतु जें कुंपण कायदा घालूं शकत नाहीं, त्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. १९९५ ते २०२१ या काळांत आपल्या देशांत ज्यांस अवयव मिळाले, त्यांत दर पांचांमागें सुमारें चार पुरुष होते. उलटपक्षीं, जिवंतपणीं अवयव देणाऱ्यांत स्त्रियांचीच संख्या फार मोठी आहे. त्यांतहि बायका आणि आया. रोग कांहीं बायकांस चुकवून पुरुषांसच होतो, असें नाहीं. नवऱ्याचें मूत्रपिंड निकामी झालें, कीं घरांतील साऱ्यांच्या नजरा न बोलतां सुनेकडे वळतात. सुनेचें झालें, कीं तिच्या माहेरीं निरोप जातो. "मिळवता हात आहे, त्यास शस्त्रक्रियेस कसें बसवावें?" हा युक्तिवाद आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. घरांतील स्वयंपाक, दुखणींबाणीं आणि लेकरें ज्या हातांवर चालतात ते हात मिळवते नव्हेत काय? बाईचें दान खरोखर प्रेमाचें असेलहि, आणि पुष्कळदां असतें. परंतु जिला 'नाहीं' म्हणण्याची सोय नाहीं तिचें 'होय' हें दान कसें म्हणावें? दात्यास एकटें घेऊन विचारपूस करणें हें डॉक्टरांचें काम आहेच; तिला घरांत मोकळेपणीं बोलूं देणें हें घरच्या वडील माणसांचें काम आहे.

आजचीं नवलें

अवयव देहाबाहेर काढला, कीं घड्याळ सुरू होतें. बर्फांत ठेविलेलें हृदय सुमारें चार तास, यकृत बारा तास आणि मूत्रपिंड चोवीस तासांच्या आसपास टिकतें. म्हणूनच शहरांत पोलिस रस्ते मोकळे करून देतात आणि रुग्णवाहिका विमानतळाकडे धांवते. आतां बर्फाच्या पेटीऐवजीं यंत्र आलें आहे. त्यांत अवयवांतून रक्त खेळतें ठेवितात, हृदय पेटींतच धडधडत राहतें, आणि यकृत पेटींतच पित्त तयार करितें. त्यामुळें अवयव अधिक काळ टिकतो, एवढेंच नव्हे, तर तो चांगला आहे कीं नाहीं हें बसविण्यापूर्वींच पारखून घेतां येतें. झूरिक येथील शास्त्रज्ञांनीं तर इतरांनीं नाकारलेलें एक यकृत तीन दिवस यंत्रावर ठेवून, औषधोपचारांनीं सुधारून, २०२१ सालीं एका रोग्यास बसविलें.

यकृताचें आणखी एक नवल आहे. त्याचा भाग कापून दिला, तरी उरलेलें कांहीं आठवड्यांत पुष्कळसें पूर्ववत् वाढतें. १९९८ सालीं दिल्लीस एका बापानें आपल्या यकृताचा तुकडा देऊन तान्ह्या मुलास वांचविलें; देशांतील हें पहिलें यशस्वी यकृतारोपण. कोची येथें २०१५ पासून मृत दात्यांचे हात बसविण्यांत येऊं लागले. आणि पुण्यास डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मे २०१७ मध्यें आईचें गर्भाशय काढून मुलीस बसविलें. ऑक्टोबर २०१८ मध्यें त्या मुलीस कन्या झाली. ज्या कुशींत आई वाढली, त्याच कुशींत लेकहि वाढली! असें हें देशांतील पहिलेंच उदाहरण.

पुढें काय होऊं घातलें आहे

या विद्येचें यश हीच तिची अडचण झाली आहे. अवयव बसवितां येतात, पण अवयव नाहींत. २०१३ सालीं आपल्या देशांत पांच हजारांच्या आंत अवयवारोपणें झालीं होतीं, २०२३ सालीं तीं अठरा हजारांवर गेलीं. परंतु त्या वर्षीं मृत्यूनंतर अवयव देणारे सुमारें अकराशेंच होते. म्हणजे दर दहा लाख लोकांमागें एकहि नाहीं. स्पेन देशांत हेंच प्रमाण पन्नासाच्या घरांत आहे. म्हणून शास्त्रज्ञ आतां मनुष्याबाहेर पाहूं लागले आहेत.

डुकराचे अवयव आकारानें व कामानें आपल्या अवयवांच्या जवळ येतात. परंतु त्यांच्या पेशींवर एक प्रकारची शर्करा असते, आणि तिच्याविरुद्ध आपल्या रक्तांत आधींपासूनच शस्त्रें तयार असतात. १९९७ सालीं आसामांत गुवाहाटीजवळ एका शस्त्रवैद्यानें डुकराचें हृदय बसविण्याचें साहस केलें. रोगी आठवड्यांत वारला आणि वैद्यास तुरुंगवास घडला. आतां बीजांतील गुणसूत्रांच्या मजकुरांत हव्या त्या ठिकाणीं बदल करण्याची रीत हातीं आल्यामुळें ती शर्करा नसलेलीं डुकरें पैदा करितां येतात. अशाच, दहा बदल केलेल्या डुकराचें हृदय जानेवारी २०२२ मध्यें अमेरिकेंतील मेरिलंड विद्यापीठांत एका रोग्यास बसविलें. तो दोन महिने जगला. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयांत मार्च २०२४ मध्यें मूत्रपिंडाचा प्रयोग झाला; आणि त्याच रुग्णालयांत जानेवारी २०२५ मध्यें बसविलेलें डुकराचें मूत्रपिंड २७१ दिवस चाललें. सोंवळ्याच्या घरांत हें वाचून कोणी नाक मुरडील. परंतु डुकराच्या हृदयाच्या झडपा माणसांस गेलीं कित्येक दशकें बसवीत आले आहेत, आणि रक्त न गोठण्यासाठीं जें हेपरिन सर्रास टोंचतात, तेंहि डुकराच्या आंतड्यापासूनच निघतें. अडचण धर्माहून अधिक विज्ञानाची आहे. दिवस वाढत आहेत, पण ते अजून महिन्यांत मोजावे लागतात.

दुसरी दिशा पहारेकऱ्यांस गुंगी न आणतां शिकवून शहाणें करण्याची. मेडावर यांनीं १९५३ सालींच उंदरांवर दाखवून दिलें होतें, कीं जन्मापूर्वीं परक्या पेशींची ओळख करून दिली, तर पुढें देह त्यांस आपल्या मानतो. त्याच तत्त्वावर मूत्रपिंडाबरोबर दात्याच्या अस्थिमज्जेंतील पेशीहि रोग्यास देऊन पाहिल्या, आणि अमेरिकेंतील कांहीं थोडे रोगी आज औषधांवांचून आपलें नवें मूत्रपिंड सांभाळीत आहेत. हें सर्वांस साधलें, तर जन्मभराच्या गोळ्या सुटतील.

तिसरी दिशा अवयव साठवून ठेवण्याची. मिनेसोटा विद्यापीठांत उंदराचें मूत्रपिंड कांचेसारखें गोठवून शंभर दिवसांपर्यंत ठेविलें, पुन्हां एकसारखें ऊब देऊन दुसऱ्या उंदरास बसविलें, आणि तें चाललें, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. यंत्रानें अवयव 'छापण्याच्या' वार्ताहि वाचकांनीं वाचल्या असतील. कातडी, मूत्राशय यांसारखे पातळ भाग प्रयोगशाळेंत वाढवितां आले आहेत. परंतु मूत्रपिंड किंवा यकृत यांतील केसांहून बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें विणणें अद्यापि कोणास साधलेलें नाहीं. त्या आशेवर कोणीं आज डायलिसिस सोडूं नये.

प्रश्न घरांतच सुटावयाचा आहे

हीं सारीं नवलें हाताशीं येतील तेव्हां येतील. आज जो रोगी आठवड्यांतून तीन वेळां यंत्रावर बसतो, त्याचा जीव आपल्यासारख्या एखाद्या घरांतील निर्णयावर अवलंबून आहे. कायद्यानें दानपत्र भरण्याची सोय आहे, आणि २०२३ पासून तें घरबसल्या भरतां येतें. तरीहि वेळ येते तेव्हां रुग्णालयांत विचारतात तें घरच्यांसच. आणि ती वेळ कशी असते? तरुण मुलगा अपघातांत सांपडलेला, छाती हलते आहे, अंग ऊन आहे, आणि डॉक्टर म्हणतात तो गेला. अशा क्षणीं ज्या घरांत या विषयाचा शब्दहि कधीं निघाला नव्हता, त्या घरानें 'होय' म्हणावें, अशी अपेक्षा करणें क्रूरपणाचें आहे. स्पेनच्या यशाचें रहस्य तेथील लोक अधिक परोपकारी आहेत, हें नव्हे. प्रत्येक मोठ्या रुग्णालयांत या शोकाकुल माणसांशीं बोलण्यासाठीं शिकविलेलीं माणसें नेमलेलीं आहेत, हें होय. आमच्याकडे अशीं माणसें थोडीं आहेत. म्हणून हें बोलणें आपण घरीं आधींच करून ठेविलें पाहिजे.

देह अपुरा राहिला, तर अंत्यसंस्कारास बाध येतो कीं काय, ही शंका वडील मंडळींच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. अवयव काढल्यावर देह नीट शिवून घरच्यांच्या स्वाधीन करितात, आणि सर्व संस्कार नेहमींप्रमाणें होतात. अग्नीच्या स्वाधीन करावयाचें तें हृदय आधीं दुसऱ्याच्या उपयोगी पडलें, तर त्यांत अधर्म कोणता? दधीचि ऋषीनें आपल्या अस्थि दिल्या त्या जिवंतपणीं दिल्या; आपणांस तर जें मागें राहतें तेंच द्यावयाचें आहे. नेत्रदान केल्यास पुढील जन्मीं आंधळेपण येतें, असेंहि कांहीं बायका म्हणतात. दानाचें फळ उणेपण असतें, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे, तें त्यांनींच दाखवावें. शिवाय नेत्रदानास मेंदूच्या मृत्यूची अट नाहीं. घरीं, म्हातारपणीं, साध्या आजारानें मृत्यु आला, तरी सहा तासांच्या आंत नेत्रपेढीस कळविलें, कीं काम होतें. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, तरी अडत नाहीं.

तेव्हां आमची विनंति एवढीच आहे. आपल्या घरांत सर्व मंडळी एकत्र जेवावयास बसतात, अशा एखाद्या दिवशीं घरच्या कर्त्या पुरुषानें किंवा कर्त्या बाईनें हा विषय काढावा. प्रत्येकास आपली इच्छा सांगूं द्यावी. ज्यांस नको असेल त्यांच्यावर भार घालूं नये. ज्यांस हवें असेल त्यांचे शब्द सर्वांनीं ऐकून ठेवावे, म्हणजे प्रसंगीं मागें राहिलेल्यांस निर्णय घ्यावा लागणार नाहीं. गेलेल्याची इच्छा पुरी करावयाची एवढेंच उरेल. बायकांचें मत शेवटीं नव्हे, तर आधीं विचारावें. परक्यास आपलें म्हणावयास आपल्या देहास औषधें लागतात, तीं शास्त्रानें शोधून दिलीं आहेत. मनास मात्र तीं लागूं नयेत.